दुमडीतला शिक्का

३ मार्च

ठकू,

नावाआधी 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला. हा दुसरा.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू आधी गप्प बसशील, मग रडशील, आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसेन. लहानपणापासून हेच चालत आलंय. या वेळी मला समजूत काढायची नाही. मला उत्तर हवंय.

आज सकाळी मी 'थोरली दारात' हे चित्र मागून उसवलं. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने आमच्या संग्रहालयाकडून आईची सहा चित्रं चार महिन्यांसाठी मागितली आहेत, हे तुला मागच्या महिन्यात कळवलं होतं. तू लिहिलं होतंस, 'अभिनंदन ताई.' तेवढंच. तेव्हा वाटलं, बदलीच्या गावी अजून रुळली नसशील. आता कळतंय की तू घाबरली होतीस.

चित्र बाहेर पाठवायचं तर त्याची पुढून-मागून तपासणी करून नोंद करावी लागते. कुठे विरलंय, कुठे डाग आहे, सगळं. तीन वर्षं मी त्या चित्रांची पाठ बघितली नव्हती. जुन्या चादरीचं कापड, त्यावर खळ, त्यावर नीळ आणि कपड्यांवर खुणा करायची शाई. उगाच हात लावून ओरखडा कशाला पाडा, म्हणून पुठ्ठ्यावर ताणलेलं होतं तसंच ठेवलं. आज टेबलावर मऊ कापड अंथरलं, हातमोजे घातले आणि मागच्या दुमडीची शिवण एकेक टाका करत सोडवली. टाका बारीक, सरळ, एकसारखा. मनात म्हटलं, वा, आईचा हात.

दुमडी उलगडली तर आत काळ्या शाईचा शिक्का. हॉस्पिटलचं नाव, आणि खाली 'बालविभाग'.

ठकू, बालविभाग सुरू होऊन पाच वर्षं झाली. उद्घाटनाला आपण दोघी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि तू माझ्या कानात म्हणाली होतीस, 'आई असती तर म्हणाली असती, आता आणखी चादरी.' आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी दुसरं चित्र उसवलं. मग तिसरं. तिसऱ्यातही तोच शिक्का, अर्धा कापलेला. तिथेच थांबले.

आईची सात चित्रं आपल्या घरातच होती, ती आपण लहानपणापासून बघत आलो. त्यांचा प्रश्नच नाही. पण तीन वर्षांपूर्वी तू ट्रंक घेऊन आलीस, 'माळ्यावर सापडली गं, आईने कुणाला दाखवली नव्हती' म्हणालीस, त्या ट्रंकेतली ही अकरा. आईच्या जागी तू हॉस्पिटलच्या धुलाईविभागात लागलीस. फाटक्या चादरी तुझ्याच हाताखालून जात होत्या. दोन आणि दोन मी आता मांडतेय. क्युरेटर म्हणवते स्वतःला!

सात वर्षांपूर्वी तुझी पाच चित्रं आमच्या प्रदर्शनातून नाकारली गेली, त्याचा राग असेल तर तो समितीवर काढायचास. मी त्या बैठकीला नव्हते, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं.

तू एकदा लिही की हे तसं नाही. चादर कुठून आली, कशी आली, काहीतरी सांग. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करेन.

ताई


९ मार्च

ठकू,

सहा दिवस झाले. पत्र पोचलंय. पोस्टाची पोच माझ्याकडे आली, त्यावर तुझीच सही आहे. सही तरी तुझ्या स्वतःच्या नावाने केलीस, हे नशीब.

आईने तुझं नाव ठकू ठेवलं तेव्हा आपण हसायचो. आता हसू येत नाही.

तू गप्प बसलीस म्हणून मी दुसरीकडे विचारायला गेले. मुकादम बाई आठवतात ना? आई कामावर होती तेवढी सगळी वर्षं धुलाईविभाग ज्यांच्या आवाजावर चालायचा त्या. आता गुडघे धरलेत, पण आवाज तसाच आहे. दारातूनच ओरडल्या, "थोरली आली! आज सूर्य कुठे उगवला?"

मी बसले, पाणी प्यायले, आणि इकडतिकडचं बोलत बोलत विचारलं, "मावशी, आई चित्रं काढायची तेव्हा तुम्ही बघायचात?"

"बघायचे म्हणजे! जेवणाच्या सुट्टीत तेच चालायचं तिचं. दोरीवरच्या चादरी, खिडक्या, ती चाकाची गाडी. मी म्हणायचे, अगं, कधी आम्हालाही काढ की. तर म्हणायची, माणूस मला जमत नाही. तोंड काढायला गेले की बटाटा होतो."

मी म्हटलं, "नंतर काढली असतील ना माणसं. तुम्ही स्वतः आहात एका चित्रात, घड्या घालताना."

त्या म्हणाल्या, "हो, आहे खरी. मलाही नवल वाटलं होतं. पण म्हटलं, गेलेल्या माणसाच्या कौतुकात आपण कशाला खोट काढा?"

म्हणजे ज्या बाईने आईबरोबर तीस वर्षं घड्या घातल्या तिला नवल वाटलं, आणि मला नाही. उलट मी सूचीपत्रात काय लिहिलंय, तुला पाठ असेल: 'उत्तरार्धात चित्रकर्ती वस्तूंकडून माणसांकडे वळते.' उत्तरार्ध! आईचा उत्तरार्ध तू माळ्यावर बसून रंगवत होतीस आणि मी त्याला खाली विद्वत्तेची पाटी लावत होते. ती पाटी मी चार वेळा खोडून लिहिली होती. तेव्हा तू शेजारीच उभी होतीस, हातात चहाचा कप घेऊन. 'छान लिहिलंयस,' म्हणालीस.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच गं.

आमच्या अध्यक्षांना सांगितलं. सांगावंच लागलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चित्रामागे एक प्रमाणपत्र जातं, 'ही कलाकृती अमुक व्यक्तीचीच असल्याची मला खात्री आहे,' आणि खाली माझी सही. एकतीस तारखेच्या आत. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, आपली इमारत काय आहे? बर्फाचा जुना कारखाना. भिंतींना अजून ओल येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मोठं आपल्याकडे काही मागतंय. लोक ती चित्रं बघतात, डोळे पुसत बाहेर पडतात. तुम्हाला अजून काय हवंय?"

"ती आईची नाहीत, साहेब."

"हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? जिथून उसवलंत तिथून परत शिवा."

त्यांचं हे बोलणं ऐकून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. शिवून टाकावं, सही करावी, आणि आई परत भिंतीवर. इतकं सोपं होतं ते. म्हणून मला तुझा जास्त राग आला. तू मला अशा जागी आणून उभं केलंस जिथे खोटेपणाच मायेचा वाटतो.

आई आजारी होती तेव्हा मी येते-येते म्हणत एका प्रदर्शनाचं उद्घाटन उरकून आले, आणि आई जाऊन दोन दिवस झाले होते. ते तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. मग एक दिवस ट्रंक उघडलीस, आणि त्यात ते चित्र निघालं. दारात पिशवी घेऊन थोरली मुलगी. पुढे इस्त्रीचं टेबल, आईचे कोपरापासूनचे दोन हात, आणि टेबलाशेजारी दाराकडे तोंड करून ठेवलेली रिकामी खुर्ची. मी तुझ्या गळ्यात पडून रडले. 'आईने खुर्ची ठेवली होती गं माझ्यासाठी,' असं म्हणाले. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं?

उत्तर दे. चोर ते चोर आणि वर गप्प, असं तरी नको.

ताई


२० मार्च

ठकू,

तुझं पाकीट आलं. पत्र चारच ओळींचं. मी इथे परत उतरवते, म्हणजे मी चुकीचं वाचलं नाही याची मलाच खात्री पटेल.

'अकराही माझी आहेत. सोबतची चिठ्ठी बघ, मग मला विचार. खुर्ची आईने ठेवली नव्हती, ती तुझ्यावर चिडलेलीच गेली. वाट मी बघत होते.'

आणि सोबत ती चिठ्ठी.

मी ती ओळखली. पिवळा कागद, समितीचा छापील नमुना, चित्र क्रमांक चौदा ते अठरा, आणि शेऱ्याच्या जागी माझं अक्षर. तांबड्या शाईत. 'हात चांगला, नजर उसनी. घेऊ नये.'

म्हणजे चौकटीच्या मागे टाचलेली राहून गेली होती. नाकारलेली चित्रं परत देताना चिठ्ठ्या काढून घ्यायच्या असतात. तेवढं एक काम आमच्याकडून राहिलं, आणि नेमकं तुझ्याच चित्रांचं. सात वर्षं तू ती जपून ठेवलीस.

आता मी लिहिते ते नीट वाच. मी बैठकीला होते. आम्हा तिघांमध्ये एकीने तुझी चित्रं घ्यावीत असं म्हटलं होतं, एक जण गप्प होता. चित्रांवर नावं नव्हती, पण मला माहीत होतं. होड्यांच्या त्या चित्रातला निळा आपल्या स्वयंपाकघराच्या दाराचा निळा होता. मी ओळखलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की लोक म्हणतील, बहिणीला पुढे केलं. मग मी जरा जास्तच कडक झाले. नंतर घरी येऊन तुला म्हटलं, 'मी नव्हते गं बैठकीला.' तू मान हलवलीस, आणि मला वाटलं, निभावलं.

मागच्या दोन पत्रांतही मी तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला, आणि त्यातल्या पहिल्यातच तीच थाप परत मारली. ते लिहिताना माझी लेखणी अडखळलीसुद्धा नाही. सवय झाली होती.

पण ठकू, हिशेब बरोबर झाला असं समजू नकोस. मी तुझं प्रदर्शन हिरावलं. तुझ्यामुळे माझी आई दोनदा गेली. एकदा ती गेली ती गेलीच. नंतर तू आणून दिलीस, माफ करणारी, खुर्ची ठेवणारी. तीन वर्षं मी तिच्याबरोबर राहिले. संग्रहालयाचं दार उघडल्यावर सगळ्यात आधी मी त्या भिंतीकडे जायचे. आणि आता तू एका ओळीत लिहितेस की ती चिडलेलीच गेली. सूड घ्यायचा होता तर माझ्या तोंडावर घ्यायचास. आईच्या हाताने का घेतलास?

आणि सूड नसेल, दया असेल, तर ते त्याहून वाईट. मला दया दाखवायची आणि ती दया सूचीपत्रात छापूनही येऊ द्यायची!

आईच्या चित्रांच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'ही नजर कुणाकडून उसनी घेतलेली नाही.' ते वाक्य वाचताना तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आता आठवून बघतेय. काहीच आठवत नाही. मी तुझ्याकडे बघितलंच नसणार.

ताई


६ एप्रिल

ठकू,

जे केलं ते तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

एकतीस तारखेला समितीची बैठक होती. मी दुमडीचे फोटो टेबलावर ठेवले, आणि त्यांच्या शेजारी ती पिवळी चिठ्ठीही ठेवली. ती ठेवायची गरज नव्हती. पण अर्धंच सांगायचं तर ते मी आजवर करतच आले होते. म्हटलं, "अकरा चित्रं माझ्या धाकट्या बहिणीची आहेत. तिने ती आईची म्हणून दिली, आणि मी न तपासता घेतली. तिचं स्वतःचं काम आलं होतं तेव्हा मी ते नाकारलं आणि तिच्याशी खोटं बोलले. प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, घरची धुणी घरी धुवायची असतात."

धुलाईविभागातल्या बाईच्या मुलीला हे सांगत होते! हसू आलं आणि दाबलं.

निकाल असा. मोठ्या संग्रहालयाने सहाही चित्रांची मागणी मागे घेतली. आईच्या खऱ्या तीन चित्रांचीसुद्धा. एकदा शंका आली की सगळंच नासतं. मांडणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी मागच्या गोदामात नोंदवह्या बघते. माझी खोली नव्या मुलीला दिली. मुलगी चांगली आहे, मला विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवत नाही, आणि त्यानेच जास्त लागतं.

काल सकाळी मी आणि आमच्या सुताराने तुझी अकरा चित्रं उतरवली. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्याने बोलतो. मध्येच ओरडला, "ही का काढतोय? हीच तर बरी होती!" दालनात हॉस्पिटलातून चित्रं बघायला आलेल्या दोन परिचारिका उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या ताटातलं उचलून नेतेय.

दुपारी मुकादम बाई आल्या. काठी टेकत, जिना चढून. त्यांच्याबरोबर धुलाईविभागातल्या आणखी चार जणी. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. त्या रिकाम्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माझं चित्र कुठे गेलं?"

मी समजावायला लागले. आईचं नव्हतं, नाव खोटं होतं, नियम असा आहे.

"नाव खोटं असेल," त्या म्हणाल्या. "पण घड्या घालताना मी जीभ दातांत धरते, ते खरं आहे की नाही? ही बाई आहे ना, हिची वाकडी करंगळी, ती खरी आहे की नाही? माझी नात दर महिन्याला बघायला यायची मला. तिला काय सांगू?"

याचं उत्तर तू द्यायला हवंस. तुझ्या नावाने ती चित्रं परत लावायची की नाही, हे तूच ठरव. मी तुझ्या वतीने आजवर खूप ठरवलं.

नियमाप्रमाणे चित्रं देणाऱ्याकडे परत जातात. बारा तारखेला आमची गाडी घेऊन मी येतेय. तू घरी थांबावंस अशी अपेक्षा नाही. शेजारी कुणाला सही करायला सांगून ठेवलंस तरी चालेल.

ताई


१४ एप्रिल

ठकू,

तू घरी होतीस.

दार उघडलंस तेव्हा मी तुला पटकन ओळखलं नाही. केस पिकलेत तुझे. वर्षभरात एवढे? की मी आधीच बघितले नव्हते? आपण दोघींनी मिळून खोकी आत आणली, सुतार मधोमध उभा राहून 'सांभाळा, सांभाळा' ओरडत होता. तू पोचपावतीवर अकरा वेळा सही केलीस. पाणी विचारलंस. मी नको म्हटलं, आणि घशाला कोरड पडली होती.

मग जिन्यापर्यंत आलीस आणि तो प्रश्न विचारलास.

"ताई, आईची म्हणून आवडली होती, की चित्रं आवडली होती? खरं सांग."

सुतार बघत होता. मी म्हटलं, "उशीर होतोय," आणि खाली उतरले. चार तासांच्या रस्त्यात तो माणूस मला त्याच्या सुनेच्या तक्रारी सांगत होता आणि मी तुझ्या प्रश्नाला उत्तर शोधत होते.

पहिल्या दिवशी आईची म्हणून आवडली. त्यात खोटं बोलणार नाही. ट्रंकेतून बटाट्याची सालं निघाली असती तरी मी त्यांना चौकट केली असती. पण पहिला दिवस संपतो ठकू. तीन वर्षं कुणी नुसत्या नावासमोर उभं राहत नाही. मुकादम बाईंची दातांतली जीभ मला आवडली होती. वाफेच्या त्या चित्रात बायकांचे चेहरे अर्धेच दिसतात, आणि तरी कोण दमलंय, कोण चिडलंय ते कळतं, ते मला आवडलं होतं. नजर उसनी नव्हती. माझा शेरा चुकला, आणि तेव्हा चुकला नसेल तर आता चुकला. हे मी तुला आधी लिहायला हवं होतं. चिठ्ठी आली त्याच दिवशी.

याचा अर्थ मी माफ केलं असा घेऊ नकोस. अजून सकाळी जाग आली की आधी आई आठवते, मग आठवतं की ती माझ्यावर चिडून गेली. ते मला कुणीतरी नऊ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, म्हणजे आतापर्यंत सवय झाली असती. तुझा राग जात नाही. जाईल असं वाटतही नाही. तो राग बाजूला ठेवूनही मी तुला लिहू शकते, एवढंच आज समजलंय.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. अकरावं खोकं बांधताना 'थोरली दारात' शेवटचं माझ्या हातात होतं. कागद लावण्याआधी मी ते उजेडाकडे धरलं. दारातल्या त्या मुलीने पिशवी डाव्या हातात धरली आहे, आणि दार ढकलायलाही डावाच हात अर्धा पुढे केलाय, पिशवीसकट, अवघडल्यासारखा.

आईने माझा डावा हात कधी मान्य केला नाही. चमचा, पाटीवरची पेन्सिल, कात्री, दिसलं की काढून उजव्या हातात द्यायची. कॉलेजात गेले तरी. तिने मला काढलं असतं तर पिशवी उजव्या हातातच असती.

आणि मी तीन वर्षं त्या चित्रासमोर उभी राहून मनात म्हणत होते, बघ, शेवटी आईच्या लक्षात होतं.

ताई